महागाई मोजतो कोण?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी प्रथम नकारच देणार होतो. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे, आणि माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारात, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत धूळ खात पडलेल्या जुन्या अहवालांतून. परंतु चालक म्हणाले, "लोकांना रोज पडणाऱ्या प्रश्नांवर बोला." असे प्रश्न मला रोज कोणी ना कोणी विचारतच असते. म्हणून हे धाडस केले. भाषणात जे विस्कळीतपणे बोललो ते येथे जरा नीट मांडले आहे.

प्रश्न एका सफाई कामगार बाईंचा आहे. कंत्राटदाराकडे त्या काम करतात. गेल्या पावसाळ्यात त्या युनियनच्या कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, टीव्हीवर सांगतात महागाई कमी झाली. मग माझी पिशवी का भरत नाही? खोटे कोण बोलते, ते का मी?"

हा प्रश्न भाबडा वाटतो, पण तो भाबडा नाही. आपल्या देशात शंभर-सव्वाशे वर्षे त्यावर वाद झाले आहेत, संप झाले आहेत, चौकशी समित्या बसल्या आहेत. त्यांचा इतिहास थोडक्यात सांगावा आणि त्यातून बाईंच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे, एवढाच माझा हेतू आहे.

आधी एक साधा घोटाळा दूर करू. 'महागाई कमी झाली' म्हणजे भाव उतरले असे आपण समजतो. सांगणाऱ्याच्या मनात ते नसते. समजा, एखादी वस्तू पहिल्या वर्षी १०० रुपयांना मिळत होती, दुसऱ्या वर्षी ११० ला आणि तिसऱ्या वर्षी ११५ ला. दुसऱ्या वर्षी महागाईचा दर १० टक्के झाला. तिसऱ्या वर्षी तो साडेचार टक्क्यांच्या आसपास आला. दर निम्म्याहून खाली आला, पण भाव एक पैसाही उतरला नाही. वाढण्याचा वेग तेवढा मंदावला. तेव्हा टीव्हीवरचा माणूस खोटे बोलत नव्हता आणि बाईही खोटे बोलत नव्हत्या. दोघे दोन निराळ्या गोष्टी सांगत होते.

परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. ते १०० आणि ११५ कशाचे? कोणाच्या घरातल्या वस्तूंचे? आणि ते मोजले कोणी? खरा इतिहास येथून सुरू होतो.

गरिबाला जगायला किती लागते, हा हिशेब आपल्याकडे नेटाने मांडणाऱ्यांत दादाभाई नवरोजी अग्रगण्य होत. १८७० च्या दशकात त्यांनी हिंदुस्थानच्या उत्पन्नाचा अंदाज काढला. तो माणशी वर्षाला सुमारे २० रुपये निघाला. मग त्यांनी विचारले, एवढ्यात माणूस जगतो कसा? जगायला किती लागते याचे कोष्टक कोठे मिळणार? दादाभाईंनी ते सरकारच्याच कागदांतून काढले. तुरुंगातल्या कैद्याला किती धान्य आणि किती कापड द्यायचे याचे नियम सरकारने ठरवले होते. दादाभाईंनी त्यांची किंमत मांडली आणि दाखवून दिले की, कैद्यावर जेवढे खर्च होते तेवढेही मोकळ्या रयतेच्या वाट्याला येत नाही. सरकारचाच आकडा सरकारपुढे ठेवण्याची ही रीत आम्ही कामगार चळवळीतले लोक आजही वापरतो.

त्यानंतरचा मोठा टप्पा पहिल्या महायुद्धाचा. १९१४ ते १९१८ या काळात धान्य, कापड, रॉकेल सगळेच महागले. १९१८ साली पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्ल्यूएंझाच्या साथीने माणसे पटापट मेली. मुंबईच्या गिरण्यांना मात्र युद्धात चांगला नफा झाला होता. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार बाहेर पडले. पुढच्या जानेवारीत पुन्हा संप झाला. मूळ मजुरी वाढवायला मालक तयार नव्हते. 'हे दिवस जातील, भाव उतरतील, मग वाढवलेली मजुरी खाली कशी आणायची?' असा त्यांचा हिशेब. म्हणून मजुरीला हात न लावता वर भत्ता देण्याची तोड निघाली. १९२० च्या अखेरीस हा भत्ता रोजावर काम करणाऱ्या पुरुषांना मूळ मजुरीच्या ७० टक्के आणि स्त्रियांना व तुकड्यावर काम करणाऱ्यांना ८० टक्के झाला. पगाराच्या चिठ्ठीवर आज जो 'महागाई भत्ता' आपण पाहतो, त्याचे मूळ हे. तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा शंभर वर्षे घरातच राहिला आहे.

पण भत्ता द्यायचा तर भाव किती वाढले हे ठरवणार कोण? कामगार म्हणे दुप्पट, मालक म्हणे दीडपट. तेव्हा १९२१ साली मुंबई सरकारने 'लेबर ऑफिस' स्थापन केले आणि त्याचे 'लेबर गॅझेट' हे मासिक निघू लागले. जुलै १९१४ मधला खर्च १०० धरून दरमहा निर्देशांक काढण्यास प्रारंभ झाला. त्या हिशेबाने ऑक्टोबर १९२० मध्ये हा आकडा १९३ पर्यंत चढला होता. म्हणजे सहा वर्षांत राहणीचा खर्च जवळजवळ दुप्पट. 'दुप्पट' म्हणणारा कामगार फार चुकीचे बोलत नव्हता, हे सरकारी कागदानेच सिद्ध झाले.

याच कचेरीने १९२१-२२ साली मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. २,४७३ कुटुंबांचे जमाखर्च त्यात तपासले गेले. मिळकतीतला निम्म्याहून अधिक पैसा पोटालाच लागत होता. शंभरातली सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. जवळजवळ निम्मी कर्जात होती. आणि दादाभाईंचा तुरुंग येथे पुन्हा भेटतो. अहवालात म्हटले आहे की, मुंबईचा कामगार जेवढे धान्य खातो ते दुष्काळी कामावरच्या शिध्याच्या कमाल प्रमाणाइतके आहे, परंतु मुंबईच्या तुरुंगातल्या शिध्याहून कमी आहे. देशातल्या सर्वांत श्रीमंत शहरात, नफ्याच्या काळात, राबणारा मनुष्य कैद्यापेक्षा कमी धान्य खात होता. हे कोणा पुढाऱ्याच्या भाषणातले वाक्य नव्हे, हा सरकारी पाहणीचा निष्कर्ष होता.

तेव्हा निर्देशांक काढणे ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु आकडा हा कोयत्यासारखा असतो. ज्याच्या हातात जाईल त्याचे काम करतो. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि भाव गडगडले. मग तोच निर्देशांक मालकांच्या कामी आला. 'राहणी स्वस्त झाली, आता भत्ता कशाला?' असे म्हणून १९३३-३४ मध्ये गिरण्यागिरण्यांतून भत्त्यावर कात्री चालली. १९३४ साली त्याविरुद्ध मोठा संप झाला. खर्च वाढला तर कामगाराने संप करून भत्ता मिळवायचा आणि खर्च उतरला तर मालकाने नोटीस लावून तो कापायचा, असा तो न्याय होता.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. या वेळी १९३३-३४ साल १०० धरलेली नवी मालिका चालू होती आणि युद्धापूर्वी, ऑगस्ट १९३९ मध्ये, तिचा आकडा १०५ होता. न्यायमूर्ती रांगणेकर यांच्या मंडळाने सुचवलेला भत्ता अपुरा आहे म्हणून ४ मार्च १९४० रोजी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सुमारे पावणेदोन लाख कामगार चाळीस दिवस बाहेर होते. संपाने त्या घटकेला काही पदरात पडले नाही. तथापि एक विचार पक्का झाला आणि युद्धकाळातच तो अमलात आला. तो असा की भत्ता हा मालकाच्या मर्जीवर नको, तो निर्देशांकाला बांधलेला हवा. १०५ च्या वर आकडा जितका जाईल तितका भत्ता आपोआप वाढेल. १९४७ साली औद्योगिक न्यायालयाने गिरणी कामगाराचा किमान मूळ पगार महिना ३० रुपये ठरवला. त्यावर हा चढता भत्ता. याचा फायदा केवढा! दरवेळी भाव वाढले की संप करण्याची गरज उरली नाही. पण एक नवी जबाबदारीही आली. आता पगाराचा मोठा भाग त्या एका आकड्यावर लटकत होता. आकडा चुकला की लाखो चुलींवरची भांडी हलकी होणार.

आणि आकडा चुकला. स्वातंत्र्यानंतर भाव चढत राहिले, परंतु निर्देशांक १९३३-३४ च्याच पायावर उभा होता. तीस वर्षांत माणसाचे खाणे, लेणे, राहणे बदलते. जुन्या यादीतल्या काही वस्तू बाजारातून नाहीशा होतात, त्यांच्या जागी दुसऱ्या धराव्या लागतात. ज्या मालाला नियंत्रित भाव, त्याचा नियंत्रित भावच कागदावर येतो. रेशनवर न मिळालेले धान्य चढ्या भावाने आणले ते कागदावर येत नाही. खोलीचे भाडे कायद्याने गोठलेले. पण नव्या जोडप्याला खोली हवी असेल तर पागडी मोजावी लागे, ती हिशेबात कोठून येणार? कामगार संघटनांनी ही ओरड लावून धरली आणि ऑगस्ट १९६३ मध्ये मुंबई बंद पडली. निर्देशांकासारख्या रुक्ष गोष्टीसाठी एवढे मोठे शहर थांबले, ही जगातही क्वचितच घडलेली घटना असावी. महाराष्ट्र सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने तपास केला आणि कामगारांची तक्रार खरी ठरली. जुना आकडा खरी वाढ कमी दाखवीत होता.

त्याच सुमारास १९६० साल १०० धरलेली नवी मालिका येत होती. जुनी आणि नवी मालिका जोडायची कशी, हा मोठा कळीचा प्रश्न होता. दोन दोर जोडताना गाठ मारावी लागते, तशी ही गाठ. मुंबईसाठी ती ४.४४ ठरली. म्हणजे नव्या मालिकेतले १०० हे जुन्या मालिकेतल्या ४४४ बरोबर. ऐकायला हा शुष्क अपूर्णांक आहे. पण समजा, तो ४.४४ ऐवजी ४.२० धरला असता, तर नव्या मालिकेच्या दर शंभर अंकांमागे भत्त्यातले जुने चोवीस अंक कायमचे गेले असते. एका महिन्याचे नव्हे, निवृत्तीपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचे. त्या दोन दशांश स्थळांसाठी माणसांनी रोज बुडवले होते.

आता थोडे घरातले सांगतो. माझे वडील गिरणीत होते. दर महिन्याला निर्देशांक जाहीर झाला की ते आईला सांगत, "आकडा वाढला गं." आई म्हणे, "आकड्याने डाळ शिजत नाही." दोघांचेही खरे होते. वडिलांच्या चिठ्ठीवर महागाई भत्ता मूळ पगाराहून मोठा असे. लहानपणी मला वाटे की भत्ता हाच पगार. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी मागे घेतलाच गेला नाही. हळूहळू गिरण्याच गेल्या. वडील पुन्हा कामावर गेले नाहीत. गिरणीबरोबर तिचा भत्ताही गेला, आणि ज्या लहान कारखान्यांत आम्ही मुले लागलो तेथे भत्ता म्हणजे काय हे सांगण्यापासून तयारी होती.

येथे माझी एक चूक कबूल केली पाहिजे. १९९६ साली मी एका कारखान्याच्या युनियनचा चिटणीस होतो, वय सत्तावीस. कामगाराला मूळ पगार १,२०० आणि भत्ता २,६०० मिळून ३,८०० रुपये मिळत. मालकांनी प्रस्ताव ठेवला: भत्ता, मूळ पगार सगळे एकत्र करू आणि सरळ ४,५०० देऊ. एकदम सातशे रुपयांची वाढ! दारावरच्या सभेत टाळ्या पडल्या. मी सही केली, माझी मिरवणूक निघाली. भत्त्याची दोरी निर्देशांकाला बांधलेली होती ती आपण आपल्या हाताने कापली, हे माझ्या ध्यानात आले नाही. १९९८ साली कांदा आणि डाळी कशा भडकल्या ते आपल्याला आठवत असेल. आमचे ४,५०० जागच्या जागी. चार वर्षांनी मी जुन्या दराने हिशेब मांडून पाहिला. जुनाच करार राहिला असता तर पगार पाच हजारांच्या वर गेला असता. वयाने मोठे असलेले एक फिटर मला इतकेच म्हणाले, "चिटणीस, आम्ही तुम्हाला वाचायला ठेवले होते." त्या वाक्याने मला जुने अहवाल वाचायला लावले. आज तुमच्यापुढे जे बोलतो आहे ते त्या चुकीचे फळ आहे.

आता आजचा प्रश्न. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक केंद्र सरकारचे लेबर ब्यूरो काढते. १९६० नंतर १९८२, २००१ आणि २०१६ अशी पायाभूत वर्षे बदलली. देशभराच्या आकड्यासाठी या तीन गाठी आहेत ४.९३, ४.६३ आणि २.८८. त्यांचा गुणाकार केला तर सुमारे ६५ येतो. म्हणजे १९६० साली सरासरीने एक रुपयाला मिळणारे सामान २०१६ साली सुमारे ६५ रुपयांना मिळे. आजोबा 'आमच्या वेळी रुपयाला काय काय यायचे' असे म्हणू लागले की नातवंडे हसतात. त्यांनी हा गुणाकार करून पाहावा. अर्थात आजोबांचा पगार किती होता तेही विचारावे.

या निर्देशांकात प्रत्येक वस्तूला तिच्या खर्चाप्रमाणे वजन असते. खाण्यापिण्याचे वजन २००१ च्या मालिकेत शंभरात ४६.२ होते, २०१६ च्या मालिकेत ते ३९.१७ झाले. हे प्रथम वाचले तेव्हा ही लबाडी आहे असे मला वाटले आणि तसे मी सभांतून बोललोही. नीट वाचल्यावर कळले की तसे सरसकट म्हणता येत नाही. भाडे, शाळेची फी, दवाखाना, मोबाईल यांवरचा खर्च घरोघर वाढला आहे आणि पाहणीत ते दिसते. परंतु सरासरी ही सरासरीच. दोन घरे घ्या. एका घरात शंभरातले ६० रुपये खाण्यावर जातात, दुसऱ्यात ३५. समजा, अन्न १० टक्क्यांनी महागले आणि बाकी सगळे २ टक्क्यांनी. पहिल्या घराची महागाई ६.८ टक्के होईल, दुसऱ्याची ४.८. बाजार एकच, दुकान एकच, पण गरीब घराची महागाई मोठी. जाहीर होणारा आकडा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो. बाईंच्या पिशवीचे अर्धे उत्तर येथे आहे.

आणखी एक मुद्दा विसरता कामा नये. निर्देशांक सांगतो वाढ किती झाली. मुळात मिळत होते ते पुरेसे होते की नाही, हे तो सांगत नाही. अपुऱ्या पगाराला पुरी भरपाई दिली तरी पगार अपुराच राहतो. म्हणून १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेने निराळ्या वाटेने जाऊन माप ठरवले. कमावणारा धरून तीन माणसांइतके अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी किमान वेतनाचा २० टक्के भाग. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण वगैरेंसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. दादाभाईंनी तुरुंगाच्या शिध्यापासून सुरू केलेला हिशेब येथवर आला. माणसाला कैद्याइतके तरी मिळावे येथून निघून माणसाला माणसासारखे जगता यावे येथपर्यंत.

उरले बाईंचे अर्धे उत्तर. मी त्यांना पगाराची चिठ्ठी आणायला सांगितले. महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर विशेष भत्ता असतो आणि तो निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलत आला आहे. दीड वर्षांच्या चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. भत्त्याचा रकाना तिन्ही सहामाह्यांत तसाच. आकडा बदलला होता, सरकारचे पत्रक निघाले होते. कंत्राटदाराने ते खिशात ठेवले होते. म्हणजे पिशवी हलकी होण्यात निर्देशांकाचा दोष थोडा आणि चोरीचा अधिक. आम्ही अर्ज केला, चार-पाच खेटे घातले. ज्या अकरा बायकांनी चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या त्यांना फरक मिळाला. ज्यांना चिठ्ठीच दिली जात नव्हती किंवा ज्यांनी ती टाकून दिली होती, त्यांचे प्रकरण अजून लोंबकळते आहे.

श्रोतेहो, माझे म्हणणे एवढेच आहे. महागाईचा आकडा ऐकला की तो खोटा म्हणून झिडकारू नका आणि वेदवाक्य म्हणून डोक्यावरही घेऊ नका. तीन गोष्टी विचारा. हा भाव आहे की भाव वाढण्याचा वेग? ही यादी कोणाच्या घरची? आणि या आकड्यावरून जे माझ्या हातात यायला हवे ते येते आहे का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्वान देतील. तिसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्या पगाराच्या चिठ्ठीतच मिळेल, आणि ज्यांना चिठ्ठी मिळत नाही त्यांनी ती मागण्यापासून सुरुवात केली पाहिजे. १९१९ च्या कामगाराला निर्देशांक हा शब्दही ठाऊक नव्हता. पण आपली पिशवी हलकी झाली आहे हे त्याला ठाऊक होते, आणि ते त्याने एकट्याने नव्हे, सगळ्यांनी मिळून सांगितले. म्हणून पुढे ते मोजावे लागले.